रूळ नीट झाला, तरी घर पुन्हा हादरतंय: हादरा मोजण्याआधी ठोके मोजा

तक्रार जवळजवळ शब्दशः सारखीच असते. “मागे येऊन लाईन नीट करून गेले. महिनाभर शांत होतं. आता पुन्हा कपाटाच्या काचा वाजायला लागल्यात.” कंपनं मोजणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, आणि रेल्वेलाईनजवळच्या घरांतल्या ज्या तक्रारी मला सर्वांत जास्त दमवतात त्या अशाच, एकदा मिटून परत आलेल्या. पहिल्यांदा जाणवलेला हादरा शोधणं त्या मानाने सोपं. परत आलेल्या हादऱ्यामागे आधीच्या दुरुस्तीचा कागद असतो, त्यावर ‘काम पूर्ण’ असं लिहिलेलं असतं, आणि समोरच्याने मनातल्या मनात ठरवून टाकलेलं असतं की घरवाल्यांना आता भास व्हायला लागलेत.

दुरुस्ती खरी झालेली असते आणि हादराही खरा असतो. होतं काय, की बिघडलेलं असतं चाक आणि नीट होतो रूळ. किंवा रूळच बिघडलेला असतो, पण वरचा खड्डा तेवढा भरला जातो आणि तो ज्याच्यामुळे पडला ते तसंच राहतं. यातलं नेमकं काय झालंय हे ओळखायला महागडं यंत्र लागेलच असं नाही. हादरा केवढा, याच्या मागे सगळेच लागतात. तो कुठल्या तालात येतो आणि दुरुस्तीनंतर किती दिवसांनी परतला, हे मात्र कुणी लिहून ठेवत नाही. माझं निम्म्याहून अधिक निदान याच दोन गोष्टींवर चालतं.

पहिला आठवडा फक्त वही

मोजमापाची घाई नको. एक वही घ्या आणि सात दिवस प्रत्येक गाडीची वेळ, दिशा, प्रवासी की मालगाडी, आणि हादऱ्याला शून्य ते तीन यांपैकी एक आकडा, एवढंच लिहा. शून्य म्हणजे कळलंच नाही. एक म्हणजे लक्ष दिलं तर कळतं. दोन म्हणजे हातातलं काम थांबतं. तीन म्हणजे झोप मोडते. शून्यवाल्या गाड्या लिहायचा सगळ्यांना कंटाळा येतो, पण खरी माहिती त्यांच्यातच असते. नुसत्या वाईट गाड्यांची यादी माझ्या काही कामाची नाही.

एका घरातल्या आजींनी मला ठणकावून सांगितलं होतं, “रात्रभर एक गाडी सोडत नाही हो आम्हाला.” त्यांच्याच नातवाने वही भरली. सात रात्रींत ‘तीन’ हा आकडा पडला तो फक्त पहिल्या, चौथ्या आणि सातव्या रात्री, आणि तिन्ही वेळा त्याच वेळेच्या गाडीला. दर तीन दिवसांनी तोच रेक, म्हणजे डब्यांची तीच माळ, फिरून त्या वेळेला येत होता. रूळ तिथे ठणठणीत होता. त्याआधी त्याच तुकड्याचं दोनदा पॅकिंग, म्हणजे रुळाखाली खडी दाबून भरण्याचं काम, झालेलं होतं, आणि प्रत्येक वेळी मधल्या दोन शांत रात्रींच्या जोरावर ‘फरक पडला’ असं दोन्ही बाजूंनी मान्यही झालं होतं.

वहीवरून पहिली चाळणी होते ती अशी. एका लाईनीवरून जाणारी जवळजवळ प्रत्येक गाडी हादरवत असेल आणि शेजारच्या लाईनीवरच्या गाड्या तशा नसतील, तर दोष त्या लाईनीत, तुमच्या घरासमोरच्या तुकड्यात. पाच-दहा गाड्यांत एखादीच वाईट असेल, तर दोष चाकात. फक्त जड मालगाड्या जाणवत असतील, तर घाई न करता खालच्या जमिनीचाही विचार करायचा. त्याबद्दल पुढे लिहितो. आणि आकडे नुसतेच विस्कळीत आले, काही केल्या मेळ लागेना, तर बहुधा दोन्ही बिघडलंय.

हे ‘दोन्ही’ प्रकरण फसवं आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रान्झिट ॲडमिनिस्ट्रेशनच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत कंपनाचा अंदाज बांधताना झिजलेल्या किंवा सपाट चट्टे पडलेल्या चाकांसाठी १० डेसिबल वाढवायला सांगितलंय, आणि झिजलेल्या किंवा लहरी पडलेल्या रुळासाठीही १० डेसिबलच. दहा डेसिबल म्हणजे कंपनाचा वेग सुमारे तिप्पट. पण चाक आणि रूळ दोन्ही खराब असतील तर वीस धरायचे नाहीत, एकदाच दहा धरायचे. आता याचा उलटा अर्थ बघा. दोन्ही खराब असताना नुसता रूळ घासून गुळगुळीत केला, तर चाकामुळे येणारे दहा डेसिबल जागच्या जागी राहतात. काम चोख झालेलं असतं आणि घरात मात्र काडीचा फरक जाणवत नाही.

ताल कसा ओळखायचा

रुळाचा जोड जागचा हलत नाही. त्याच्यावरून प्रत्येक चाक जातं आणि प्रत्येक चाक तिथेच आपटतं. समजा डबा २० मीटर लांब आहे, एका बोगीतल्या (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, डब्याच्या प्रत्येक टोकाखालचा चाकांचा सांगाडा) दोन आसांत २.५ मीटर अंतर आहे आणि गाडी ताशी ७२ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २० मीटरने चाललीय. एका डब्याची मागची बोगी आणि पुढच्या डब्याची पुढची बोगी जवळजवळ असतात, त्यामुळे चार ठोके भरभर येतात, मग अर्ध्या सेकंदाहून थोडी मोठी उसंत, पुन्हा चार ठोके. ‘तडतड-तडतड’, थांब, ‘तडतड-तडतड’. लहानपणापासून आपल्या कानात बसलेला रेल्वेचा ताल तो हाच. तो इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत सारख्याच जोराने चालतो; इंजिन जड असल्याने सुरुवातीचे ठोके काय ते थोडे मोठे.

चाकावर सपाट चट्टा पडला असेल तर सगळंच बदलतं. चाक फिरेल तिथे ठोका देतं, चाकाच्या एका फेऱ्याला एक. ९२० मिलिमीटर व्यासाच्या चाकाचा घेर २.८९ मीटर भरतो, म्हणून त्याच ७२ च्या वेगाला सेकंदाला जवळजवळ सात ठोके पडतात. अगदी एकसारखे, मध्ये उसंत नाही. शिलाई मशीन चालल्यासारखे. शिवाय ते चाक तुमच्या घरासमोरून जातं तेवढ्यापुरतेच ते मोठे असतात. गाडी नेहमीसारखी चाललेली असते, मध्येच दोन-तीन सेकंद धडधड चढते आणि उतरते. गाडीच्या कितव्या सेकंदाला ती चढली हे टिपलंत, तर वाईट चाक साधारण कितव्या डब्याखाली आहे हेही काढता येतं.

सेकंदाला सात ठोके कानाने मोजता येत नाहीत, हे खरं. तिथे हळू जाणारी मालगाडी उपयोगी पडते. ताशी ३६ च्या वेगाला साडेतीन ठोके होतात. पेन्सिलीने टेबलावर ताल धरला तरी दहा सेकंदांचे पस्तीस भरतात. जोडाचा आणि चट्ट्याचा आणखी एक फरक हळू गाडीतच दिसतो. खचलेल्या जोडाचा दणका वेगाबरोबर वाढतो, म्हणून वेग निम्म्यावर आला की तो चांगलाच मऊ पडतो. चट्ट्याचा दणका कमी वेगालाही बऱ्यापैकी टिकून असतो. वेगमर्यादा घालूनही एखादी गाडी तशीच ठोकत जात असेल, तर माझा पहिला संशय चाकावर.

फोनवर जमतं का?

सगळे विचारतात म्हणून सांगतो. कंपन मोजण्यासाठी फोन कमी पडतो. ताल टिपण्यासाठी तो उत्तम आहे.

माणसाला साधारण सेकंदाला ०.१ मिलिमीटर एवढ्या वेगाचं कंपन जेमतेम जाणवतं. २० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला २० कंपनं होत असताना, याचं त्वरण गुरुत्वाच्या आठशेव्या भागाच्या आसपास येतं. बऱ्याच फोनच्या सेन्सरची स्वतःची कुरबुरच जवळपास तेवढी असते. म्हणजे तुम्हाला स्पष्ट जाणवणारा हादरा फोनच्या आलेखात गवतासारखा दिसतो. त्यातून सेन्सर सेकंदाला १०० च नोंदी घेत असेल तर ५० हर्ट्झच्या वरचं काही त्यात धड दिसणारच नाही. फायफॉक्ससारख्या मोफत ॲपने करून बघायला हरकत नाही, पण फोन उघड्या फरशीवर ठेवा. गादीवर किंवा सतरंजीवर ठेवलेल्या फोनचे आलेख मला कुणी पाठवू नका, प्लीज.

त्यापेक्षा खिडकीत ठेवून आवाज रेकॉर्ड करा. ऑडॅसिटीत ती फाईल उघडली की ठोक्यांचे सुळके सरळ दिसतात. चार-चारचे झुबके आहेत की एकसारखी रांग, हे तिथल्या तिथे कळतं. झुबके मिळाले तर वेगही मोफत मिळतो: डब्याची लांबी भागिले दोन झुबक्यांमधला वेळ. आणि वेग कळला की चाकाच्या घेराने भागून चट्ट्याचे ठोके सेकंदाला किती यायला हवेत ते काढायचं, मग रांगेतले सुळके मोजून ताळा घ्यायचा. चाक झिजतं तसा घेर कमी होतो, त्यामुळे २.६ ते २.९ मीटर यांमध्ये काहीही आलं तरी ते चाकच समजा.

अधिकृत तक्रारीसाठी आकडा लागणारच असेल, तर जिओफोन (जमिनीचं कंपन टिपणारा सेन्सर) असलेलं यंत्र हवं, आणि ते घराच्या पायाजवळ एक व खोलीच्या मध्यभागी एक असं दोन ठिकाणी लावायला हवं. स्लॅब स्वतः काही ठरावीक कंपनसंख्येला झुलतो. खोलीच्या मध्यभागी पायापेक्षा कंपन मोठं निघणं नेहमीचंच आहे.

चाकाचा दोष परत का येतो

ब्रेक लागला, चाक फिरायचं थांबलं, गाडी मात्र सरकतच राहिली, की चाकाचा टेकलेला भाग रुळावर घासला जाऊन सपाट होतो. वर्कशॉपमध्ये याला नुसतं ‘फ्लॅट’ म्हणतात. पन्नास मिलिमीटरचा फ्लॅट ऐकायला मोठा वाटतो, पण ९२० च्या चाकावर त्याची खोली ०.७ मिलिमीटरही भरत नाही. एवढ्याशा उणिवेने घर हादरतं, कारण तिच्यावरून आपटणारं वजन स्प्रिंगच्या खालचं असतं: चाकं आणि आस. डब्यातल्या माणसांना स्प्रिंग सांभाळते, रुळाला कुणी सांभाळत नाही.

लेथवर चाक कापून गोल करून आणलं की प्रश्न संपायला हवा. न संपण्याची कारणं मला वेळोवेळी दिसली ती तीन.

एक, ज्यामुळे चाक घसरलं ते तसंच राहिलं. अडकलेला ब्रेक, सोडायचा राहिलेला हँडब्रेक, चाक घसरू न देणारी यंत्रणा बंद. असा डबा काही दिवसांत नवा फ्लॅट घेऊन येतो. वहीत हे स्पष्ट दिसतं: हादरा हळूहळू वाढत नाही, एका रात्रीत उगवतो.

दोन, कापणी उथळ झाली. घसरताना ती जागा इतकी तापते आणि मग खालचं थंड पोलाद तिची उष्णता इतक्या झटकन ओढून घेतं, की तिथे मार्टेन्साइट तयार होतं. ते काचेसारखं कडक आणि ठिसूळ असतं. चट्टा डोळ्यांना दिसेनासा झाला म्हणून कापणी थांबवली, तर तो ठिसूळ थर आत राहतो आणि काही आठवड्यांत त्याचे टवके उडतात. मग चाकाला चट्ट्याऐवजी खड्डे पडलेले असतात. परत आलेला हादरा पहिल्यापेक्षा जास्त कर्कश असेल तर मी हे आधी तपासायला सांगतो.

तिसरं कारण मला सर्वांत आवडतं, कारण त्यात दुरुस्तीनेच दोष घातलेला असतो. कापताना चाक तीन जबड्यांच्या पकडीत आवळलं असेल, तर ते किंचित दबलेल्या अवस्थेत गोल कापलं जाऊ शकतं. पकड सुटली की ते मूळपदावर येतं आणि तीन बाजूंना अगदी थोडं उचललेलं राहतं. हातावर लागत नाही, डोळ्यांना दिसत नाही, गाडीत बसलेल्याला काही कळत नाही. पण एका फेऱ्याला तीन उचल, म्हणजे सेकंदाला सातच्या तिप्पट, जवळपास २१ हर्ट्झ. घरांचे मजले झुलवायला फार सोयीची कंपनसंख्या! “चाकं कापून आणल्यापासून आवाज कमी झालाय, पण जमीन जास्त थरथरते,” असं कुणी म्हणालं तर त्याला वेड्यात काढू नका.

एक इशारा इथेच देतो. जुना होत गेलेला फ्लॅट कडा गोलावल्यामुळे शांत होतो. टकटक मरते, मात्र त्याची लांबी वाढलेली असते आणि जमिनीत जाणारा गचका राहतो. आवाज कमी झाला एवढ्यावर तक्रार मागे घेऊ नका.

रुळाचा दोष: खचलेला जोड

परत येणाऱ्या हादऱ्यांचा खरा राजा हा. दोन रुळांची टोकं फिशप्लेटने, म्हणजे बाजूने बोल्ट लावलेल्या लोखंडी पट्टीने, आवळलेली असतात, मध्ये फट असते. चाक फटीवरून जाताना पलीकडच्या टोकावर आपटतं. हजारो आपटण्यांनी दोन्ही टोकं खाली वाकतात, खालची खडी दबते, स्लीपर (रुळांखालची आडवी तुळई) खडीवर टेकायच्या ऐवजी रुळाला लटकायला लागतो. मग गाडी आली की तो आधी खाली जातो, खडीवर आदळतो, आणि चाक गेलं की परत वर.

मी हे एकदा कुंपणाबाहेरून दुर्बिणीने पाहिलं. (रुळांवर जाऊन बघायचं नाही, हे वेगळं सांगायला नकोच.) जोडाशेजारच्या स्लीपरभोवतीची खडी बाकीच्यापेक्षा पांढरट होती, कुणी पीठ भुरभुरल्यासारखी. गाडी आली. प्रत्येक बोगीला स्लीपर बोटभर नाही, पण दिसेल इतका खाली गेला, आणि प्रत्येक वेळी कडेने बारीक पांढरी धूळ फुसकन उडाली. दगड दगडावर घासून झालेली ती भुकटी. शेजारचे स्लीपर जागचे हललेसुद्धा नाहीत. पावसानंतर त्याच जागी भुकटीचा चिखल होतो आणि धुळीऐवजी पाण्याची चिळकांडी उडते. या दोन खुणा रस्त्यावरून, पुलावरून, प्लॅटफॉर्मवरून कुणालाही दिसतात, आणि फोटोत पकडता येतात.

आता नेहमीची दुरुस्ती काय? पॅकिंग. यंत्राचे दात खडीत खुपसून दगड स्लीपरखाली ढकलायचे, रूळ उचलून पातळीत आणायचा. त्या दिवशी जोड अगदी सपाट दिसतो. पण रुळाचं टोक वाकलेलं आहे ते वाकलेलंच असतं. खालची खडी सैल भरलेली असते आणि गाड्यांखाली पुन्हा बसत जाते, आणि बसते ती जवळजवळ पूर्वीच्याच आकारात. या क्षेत्रातले लोक खडीला ‘स्मरणशक्ती’ असते म्हणतात ते उगीच नाही. त्यातून प्रत्येक पॅकिंगला यंत्राचे दात थोडे दगड फोडतात, भुकटी वाढते, पाणी निचरायचं थांबतं, आणि पुढच्या वेळी जोड आणखी लवकर खचतो.

म्हणून वहीत दुरुस्तीच्या तारखा लिहा. पहिल्यांदा सहा महिने टिकलं, नंतर चार, नंतर दोन, असं अंतर आखडत गेलं असेल तर मला जमीन खणून बघायचीही गरज वाटत नाही. तिथे पॅकिंगचं काम संपलेलं आहे. खडी उपसून चाळायला किंवा बदलायला हवी, पाण्याला वाट करून द्यायला हवी, आणि रुळाची वाकलेली टोकं सरळ करून किंवा कापून टाकून जोड वेल्ड करायला हवा. यांतलं एकच केलं तर तो पैसा पाण्यात.

ब्रिटिश रेल्वेच्या संशोधकांनी १९७४ साली या जोडावरच्या दणक्याचं गणित मांडलं, ते आजही वापरात आहे. त्यात दणक्याचे दोन भाग आहेत. पहिला क्षणार्धाचा, चाक आणि रूळ यांच्या पृष्ठभागापुरता. त्याने रुळाचं टोक चेचतं, बोल्टची भोकं तडकतात. दुसरा थोडा उशिरा येतो, साधारण ३० ते १०० हर्ट्झमध्ये, जेव्हा चाक, रूळ, स्लीपर असं सगळंच एकत्र खडीवर दबतं. जमिनीत उतरून तुमच्या घरापर्यंत येतो तो हा दुसरा. आणि तो ठरतो जोडाच्या कोनावर, वेगावर आणि स्प्रिंगखालच्या वजनावर. यांतला वेग एका फलकाने कमी होतो, म्हणून तात्पुरता उपाय म्हणून तोच पहिल्यांदा मागावा.

थंडीत जोडाची तक्रार वाढते, त्यात नवल नाही. १३ मीटरचा रूळ ३० अंशांनी थंड झाला की साडेचार मिलिमीटर आखडतो, आणि फट तेवढी रुंदावते. उन्हाळ्यात कुणी पाहणीला आलं आणि ‘इथे काही नाही’ म्हणून गेलं, तर त्याला थंडीतल्या पहाटे बोलवा.

बाकीचे रूळदोष थोडक्यात

सांधा, म्हणजे गाडी एका लाईनीवरून दुसरीवर जाते ती जागा. तिथे क्रॉसिंगच्या नाकाशी, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या टोकाशी, फट ठेवावीच लागते, त्यामुळे ठोका कायमचा. वेल्डिंगने नाक भरून काढलं की काही काळ बरं वाटतं, मग पुन्हा झिजतं. फट बुजवणारं हलत्या नाकाचं क्रॉसिंग बसवणं किंवा सांधा घरांपासून दूर नेणं, हे दोनच पक्के मार्ग, आणि दोन्ही खर्चिक.

रुळाच्या माथ्यावर लहरी पडतात त्याला कॉरुगेशन म्हणतात. लहर ४० मिलिमीटरची असेल तर ताशी ७२ ला तिची कंपनसंख्या ५०० हर्ट्झ होते. एवढ्या वरची कंपनं जमीन फार लांब जाऊ देत नाही. तो गुरगुराट तुमच्याकडे हवेतून येतो. खिडकी घट्ट लावल्यावर त्रास निम्मा झाला तर हेच समजा. बोगद्यावरच्या घरांत मात्र लांब लहरींचा घुमणारा आवाज भिंतींतून येऊ शकतो. रूळ घासून लहरी जातात आणि कारण न बदलल्यास परत येतात. वाकणांवर फार लवकर.

पूल किंवा मोरी जिथे संपते तिथे मऊ भराव आणि कडक बांधकाम यांच्या सीमेवर खडी नेहमी जास्त बसते. तुमचं घर नेमकं अशा जागी असेल तर जोड नसतानाही जोडासारखा ताल मिळतो.

जमीनच दोषी असेल तर

वर म्हटलं होतं की फक्त जड गाड्या जाणवत असतील तर थांबा. मऊ, पाण्याने भरलेल्या मातीत कंपनं लांब जातात आणि त्यांची कंपनसंख्या खाली उतरते. चाकं आणि रूळ निर्दोष असूनही जमीन हलते. याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण स्वीडनमधलं लेड्सगोर्डचं. गोथेनबर्गच्या दक्षिणेला किनाऱ्याने जाणाऱ्या मार्गावर १९९७-९८ च्या सुमारास एक्स-२००० ही जलद गाडी ताशी २०० च्या दिशेने चालवायला लागले, आणि तिथल्या अतिशय मऊ मातीत कंपनलाटेचा वेग गाडीच्या वेगाच्या जवळपास निघाला. विमान ध्वनीच्या वेगाला पोचावं तसा प्रकार. रूळ मिलिमीटरांच्या हिशेबात खालीवर व्हायला लागला. वेग कमी करावा लागला आणि पुढे खालच्या मातीत चुना-सिमेंटचे खांब घालून ती घट्ट केली. असल्या ठिकाणी कितीही पॅकिंग करा, उपयोग नाही.

आणि या विषयातला सर्वांत लाडका गैरसमज: लाईन आणि घर यांच्यात चर खणला की झालं. जमिनीच्या पृष्ठभागावरून जाणारी लाट सेकंदाला २०० मीटरने धावत असेल, तर २० हर्ट्झला तिची लांबी १० मीटर होते. चर निदान लांबीच्या निम्म्याहून खोल हवा तेव्हा कुठे तो अडवायला लागतो. म्हणजे पाच-सहा मीटर तरी, आणि तोही ढासळू न देता, पाण्याने भरू न देता. मीटरभर चराखालून लाट आरामात निघून जाते. कंपाउंडची भिंत हवेतला आवाज अडवेल. झाडांची रांग डोळ्यांना बरी.

घर पडेल का, हा प्रश्न प्रत्येक तक्रारीत असतोच. जर्मनीच्या डीआयएन ४१५०-३ या मानकात क्षणिक कंपनांसाठी राहत्या घराच्या पायाशी १० हर्ट्झखाली सेकंदाला ५ मिलिमीटरची मर्यादा दिली आहे, नाजूक इमारतींसाठी ३ ची. माणसाला ०.१ लाच कळतं. झोप मोडणं आणि भिंत मोडणं यांत एवढं अंतर आहे. भेगा दिसत असतील तर आधी पायाखालचं पाणी आणि खचणारी माती तपासा, आणि भेगेवर तारीख घालून दोन्ही टोकांना पेन्सिलीची खूण करा.

तक्रारीत काय लिहायचं

‘असह्य त्रास होत आहे’ या वाक्याचं कुणी काही करू शकत नाही. मी लोकांना देतो तो नमुना असा:

“दिनांक अमुक ते तमुक या सात दिवसांत घरासमोरून गेलेल्या सर्व गाड्यांची नोंद सोबत आहे. पलीकडच्या लाईनीवर हादरा नाही. जवळच्या लाईनीवरच्या बहुतेक गाड्यांना आहे. ठोके चार-चारच्या गटात येतात व गाडीच्या पूर्ण लांबीभर सारखे असतात. रेकॉर्डिंग जोडले आहे. किलोमीटर दगडापासून सुमारे इतक्या अंतरावरच्या जोडाशी खडी पांढरी झालेली फोटोत दिसते. याच जागी यापूर्वी या तीन तारखांना पॅकिंग झाले असून हादरा अनुक्रमे इतक्या दिवसांनी परत आला. पुन्हा पॅकिंग न करता खडी, निचरा व रुळाची टोके तपासावीत.”

चाकाचा संशय असेल तर मजकूर वेगळा: गाडीची वेळ, दर किती दिवसांनी तोच हादरा परततो, गाडी घरासमोरून जायला लागल्यापासून कितव्या सेकंदाला. अनेक मार्गांवर रुळाला बसवलेली, चाकांचे दणके मोजणारी यंत्रं असतात. तुमची वेळ त्यांच्या नोंदींशी जुळली तर तो डबा शोधून काढायला फारसा वेळ लागत नाही. ही तक्रार लाईन सांभाळणाऱ्यांकडे गेली तर मात्र ते पुन्हा पॅकिंगच करतील. त्यांच्या हातात तेवढंच असतं. ती गाड्या सांभाळणाऱ्या विभागाकडे जायला हवी, आणि पत्रात तसं स्पष्ट लिहायला हवं.

दुरुस्ती झाली की दुसऱ्याच दिवशी वही पुन्हा उघडायची. आठवडाभर, मग महिन्यातून दोन रात्री. त्या आजींच्या नातवाने अजून ती सोडलेली नाही. मागच्या महिन्यात त्याने मला एकच ओळ पाठवली: “काका, तीन दिवसांची गाडी आता शून्य आहे, पण सकाळच्या सातच्या मालगाडीला एक पडायला लागलाय, ठोके चार-चारचे.”